धुरकट आकाशातले तारे: नागपूरच्या गच्चीवरून निरीक्षण कसे करावे

दिवाळीनंतर नागपूरचे आकाश ढगांपासून मोकळे होते, परंतु ते स्वच्छ झालेले नसते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत धूर आणि धूळ जमिनीलगत साचते, मार्च-एप्रिलमध्ये शेतातले आणि जंगलातले वणवे त्यात भर घालतात आणि मे महिन्यात उन्हाळी धुळीने आकाश पांढुरके होते. नवी दुर्बीण घेतलेले अनेक जण अशा दोन-तीन रात्री पाहून ती कपाटात ठेवून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण यातल्या बऱ्याच रात्री चांगल्या उपयोगात आणता येतात. त्यासाठी आकाशाची नीट पारख करणे, आकाशाचा कोणता भाग वापरायचा हे ठरवणे आणि त्याला झेपेल असेच लक्ष्य निवडणे आवश्यक असते.

आधी दोन गुण वेगळे ओळखा

निरीक्षकाच्या दृष्टीने आकाशाचे दोन स्वतंत्र गुण असतात. पहिला पारदर्शकता, म्हणजे ताऱ्याचा किती प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. आणि दुसरा स्थिरता, म्हणजे पोहोचलेला प्रकाश किती थरथरतो. धुरके पहिल्या गुणाचे नुकसान करते, दुसऱ्याचे सहसा करत नाही. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होऊन जड होते आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. अशा उलट्या तापमानरचनेत हवा वर-खाली मिसळत नाही, वारा पडतो आणि धूर खालीच अडकतो. परंतु हीच संथ हवा ताऱ्यांचे लुकलुकणे कमी करते. म्हणूनच आकाशगंगेचा मागमूस नसलेल्या एखाद्या मळकट रात्री गुरूवरचे पट्टे आश्चर्य वाटावे इतके रेखीव दिसतात, आणि पाऊस पडून गेल्यावरच्या लखलखीत पण वाऱ्याच्या रात्री तोच गुरू उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो.

दिवसा आणि संध्याकाळी करायची पारख

पहिली पायरी दुपारीच सुरू होते. एखाद्या इमारतीच्या कडेने सूर्य पूर्णपणे झाकला जाईल अशा ठिकाणी सावलीत उभे राहा आणि सूर्याच्या आसपासचे आकाश पाहा. सूर्याकडे थेट पाहू नका आणि दुर्बीण तर त्या दिशेला चुकूनही नेऊ नका. कडेच्या अगदी जवळपर्यंत निळाई दिसत असेल तर हवेत कण कमी आहेत. सूर्याभोवती पांढरे, रुंद वलय पसरलेले असेल तर धूळ किंवा धूर भरपूर आहे. दुसरी खूण सूर्यास्ताची. क्षितिजाला टेकण्याआधीच सूर्यबिंब फिके तांबडे होऊन विरून जात असेल, तर त्या रात्री आकाशाचा खालचा तिसरा हिस्सा आपला नाही असे धरून चाला. उत्तर नागपुरातल्या ज्या गच्च्यांवरून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, तिथे त्या रोज कितपत स्पष्ट दिसतात याची नोंद ठेवली तर ती एक उत्तम घरगुती मोजपट्टी होते. अंधार पडल्यावर दूरच्या पथदिव्यांकडे पाहा; दिव्याभोवतीचा प्रकाशाचा गोळा जितका मोठा, तितकी त्या रात्री खालची हवा जाड.

आकड्यांचा आधार घ्यायचा तर तो समजून घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक धूलिकणांच्या बाबतीत २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. त्यामुळे संध्याकाळी जोरदार सर येऊन आकाश धुऊन निघाले तरी रात्री तो आकडा वाईटच दिसू शकतो, आणि नेमकी हीच रात्र वाया घालवू नये अशी असते. शिवाय तो जमिनीलगतच्या हवेचा असतो, तर आपण पाहतो तो अनेक किलोमीटर उंचीचा संपूर्ण स्तंभ. त्या स्तंभासाठी अधिक उपयोगी आकडा म्हणजे हवेतील सूक्ष्म कणांची प्रकाशीय जाडी. युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेकडून तिचा अंदाज विनामूल्य मिळतो. ही जाडी ०.५ असेल तर खमध्यावरचा, म्हणजे बरोबर डोक्यावरचा तारासुद्धा केवळ या कणांमुळे सुमारे अर्ध्या प्रतीने मंद होतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). नागपूर विमानतळावरून प्रसिद्ध होणाऱ्या हवामान-संदेशातील दृश्यमानतेचा आकडाही पाहावा, मात्र तोही जमिनीलगतचाच असतो हे विसरू नये.

ताऱ्यांनीच आकाश मोजा

शेवटचा निर्णय डोळ्यांनी करावा, आणि तोही अंधारात किमान २० मिनिटे काढल्यावर. थंडीत मृग नक्षत्र घ्या. पट्ट्यातील तीन तारे जवळजवळ नेहमीच दिसतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळत नाही. मृगाच्या डोक्यातील लहानशा त्रिकोणाकडे लक्ष द्या. त्यातला ठळक तारा साधारण साडेतीन प्रतीचा असून बाकीचे दोन चार प्रतीच्या आसपासचे आहेत. ठळक तारासुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल, तर त्या रात्री चंद्र, ग्रह आणि तेजस्वी जोडतारे (नुसत्या डोळ्यांना एकच वाटणारे, पण दुर्बिणीतून दोन दिसणारे तारे) एवढाच कार्यक्रम ठेवावा. तिन्ही दिसले तर बायनॉक्युलर काढून तारकागुच्छांकडे वळता येईल. कृत्तिकांमध्ये सहा तारे वेगळे मोजता आले तर शहरासाठी ती फारच चांगली रात्र म्हणायची. उन्हाळ्यात सप्तर्षींमधील अत्री हा तारा, प्रत ३.३, आणि वसिष्ठाजवळची अरुंधती, प्रत ४, हीच कामगिरी करतात. पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छाचा धूसर ठिपका शहरातून नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर इतर सगळे बाजूला ठेवून मंद लक्ष्यांच्या मागे लागावे. अशा रात्री वर्षात मोजक्याच येतात.

डोक्यावरचे आकाश वापरा

या लेखातला माझा मुख्य आग्रह हाच आहे. डोक्यावर पाहताना आपण हवेचा जेवढा थर ओलांडतो, त्याच्या दुप्पट थर क्षितिजापासून ३० अंश उंचीवर पाहताना ओलांडावा लागतो, २० अंशांवर सुमारे तिप्पट आणि १० अंशांवर साडेपाच पटींहून अधिक. स्वच्छ रात्री हा फरक सोसतो. धुरकट रात्री खमध्यावर ०.६ प्रतीचे नुकसान होत असेल, तर १० अंशांवर ते तीन प्रतींच्या वर जाते. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुवतारा आपल्याला क्षितिजापासून २१ अंशांवरच दिसतो. दुसऱ्या प्रतीचा हा तारा अशा रात्री पावणेचारच्या आसपास पोहोचतो आणि शहराच्या उजेडात हरवतो. दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे लावण्याची ज्यांना गरज असते, त्यांनी म्हणूनच स्वच्छ रात्री गच्चीच्या फरशीवर उत्तर-दक्षिण रेषा रंगाने आखून ठेवावी. अगस्त्य १६ अंशांपर्यंत चढतो आणि मूळचा अतितेजस्वी असल्याने तांबूस होऊन का होईना, दिसतो. त्रिशंकू नक्षत्राचा तळाचा तारा जेमतेम सहा अंशांवर येतो. त्याच्यासाठी धुरक्यात वेळ घालवू नये.

आता याची दुसरी बाजू पाहा. कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू, पुष्य, मघा आणि स्वाती ही सगळी आपल्या खमध्यापासून साधारण ११ अंशांच्या आतून जातात. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ग्रहही याच मार्गाच्या आसपास फिरत असल्याने गुरू किंवा मंगळ जेव्हा वृषभ, मिथुन वा कर्क राशीत असतो, तेव्हा तो नागपूरच्या डोक्यावरून जातो. लंडन किंवा पॅरिसच्या निरीक्षकाला ही सोय कधीच मिळत नाही. त्यामुळे लक्ष्य मध्यमंडलावर, म्हणजे त्याच्या सर्वाधिक उंचीवर केव्हा येते हे स्टेलॅरियमसारख्या मोफत तारामंडल-प्रणालीत आधी पाहावे आणि त्याच्या आगेमागे एक तास एवढाच वेळ त्याला द्यावा. ढोबळ हिशोब असा: कृत्तिका जानेवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास, पुनर्वसू फेब्रुवारीच्या मध्याला दहा वाजता, पुष्य मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहा वाजता, स्वाती मेच्या शेवटी दहा वाजता.

हिवाळ्यात पहाटेची रात्र शांत आणि स्वच्छ असते असे मानण्याची सवय आहे. रहदारी पहाटे कमी असते हे खरे, परंतु खालचा थंड थर रात्रभर घट्ट होत जातो आणि शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा धूर त्यात साचत राहतो. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत सायंकाळी अंधार पडल्यापासून दहापर्यंतचा काळ आधी वापरावा. उन्हाळ्यात मात्र याच्या उलट करावे आणि मध्यरात्रीनंतर बसावे, कारण तोवर स्लॅब निवलेला असतो.

गच्चीची तयारी

धुरक्यात शहराचा उजेड दुहेरी त्रास देतो: कण ताऱ्यांचा प्रकाश अडवतात आणि दिव्यांचा प्रकाश आपल्याकडे परत पाठवतात. आकाशात पसरलेल्या उजेडाचे आपण काही करू शकत नाही. डोळ्यांत थेट घुसणारा उजेड मात्र थांबवता येतो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाड, गडद चादर टाकून रस्त्याच्या दिव्याची बाजू बंद करावी आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत दुर्बीण मांडावी. नेत्रिकेला डोळा लावल्यावर डोके आणि नेत्रिका दोन्ही झाकेल असे काळे सुती कापड वरून घ्यावे. या एका कापडाने जितका फरक पडतो, तितका महागड्या उपकरणानेही पडत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा आणि मोबाइल शक्यतो बंदच ठेवावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता फेकत राहतो आणि त्यावरून उठणारी हवा प्रतिमा विस्कटून टाकते. झोपण्यासाठी गच्चीवर पाणी मारण्याची आपली रीत इथेही कामाला येते, फक्त ते सूर्यास्ताच्या सुमारासच मारावे, म्हणजे दुर्बीण लावेपर्यंत ओल सुकून स्लॅब निवतो. कूलरचा झोत आणि एसीचे बाहेरचे यंत्र यांच्यावरून नजर जाणार नाही अशी जागा निवडावी. घराला अंगण असेल तर उन्हाळ्यात गच्चीपेक्षा माती किंवा गवत केव्हाही बरे.

तब्येतीच्या बाबतीत तडजोड करू नये. निर्देशांक २०० च्या वर, म्हणजे ‘खराब’ श्रेणीत असेल तर बैठक तासाभरात आटोपावी आणि एन-९५ मास्क वापरावा; मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबून बसवली नाही तर श्वास वर जाऊन नेत्रिकेवर वाफ धरते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी अशा रात्री बाहेर बसूच नये.

उपकरण कसे वापरावे

बायनॉक्युलर घ्यायचे असेल तर शहरासाठी ७×५० पेक्षा १०×५० निवडावे. पहिल्यातून बाहेर पडणारा प्रकाशझोत सुमारे ७ मिलिमीटर रुंद, तर दुसऱ्यातून ५ मिलिमीटर असतो. रुंद झोताबरोबर आकाशाचा करडेपणाही डोळ्यांत जास्त येतो. दुर्बिणीतही हेच तत्त्व लागू पडते. वर्धन वाढवले की पार्श्वभूमीचे आकाश काळवंडते, पण तारा बिंदूच असल्यामुळे तो त्या प्रमाणात मंद होत नाही. म्हणून १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ५० पट वर्धनाने तारकागुच्छ शोधावा आणि मग १०० पटींपर्यंत जावे. करड्या पडद्यावर आधी न दिसलेले तारे एकेक करून उमटू लागतात. दीर्घिका आणि पसरट तेजोमेघ यांना हा उपाय फारसा लागू पडत नाही, कारण त्यांचा स्वतःचा प्रकाशही तितकाच पसरतो.

‘प्रकाश-प्रदूषण फिल्टर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या काचांवर पैसे खर्च करण्याआधी विचार करावा. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगांत येत असे आणि तो गाळता येत असे. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो, आणि हवेतला धूर तर कोणतीच काच काढू शकत नाही. याला एक स्वस्त अपवाद आहे. धुराचे कण बारीक असल्याने ते निळा प्रकाश अधिक आणि तांबडा कमी विखुरतात, त्यामुळे हिवाळी धुरक्यात नारिंगी किंवा तांबड्या फिल्टरमधून चंद्रावरचे बारकावे अधिक ठसठशीत दिसतात. मे महिन्यातल्या धुळीचे कण मोठे असतात आणि सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात; तेव्हा हाच फिल्टर निरुपयोगी ठरतो.

भिंगांची निगा धुरक्यात अधिक जपून ठेवावी लागते. हिवाळी रात्री वस्तुभिंगावर, म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर दव धरते, त्यात काजळी आणि धूळ चिकटते आणि सकाळी सुकल्यावर करड्या कडांचे ठिपके उरतात. हे ठिपके रुमालाने किंवा पदराने कोरडे पुसले तर धुळीतले खरखरीत कण लेपावर ओरखडे काढतात. दव धरूच नये म्हणून जाड काळ्या फोमच्या चटईचा तुकडा नळीपुढे गुंडाळून भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांबीची बाही करावी. ठिपके पडलेच तर आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रशने धूळ उचलावी आणि अगदी गरज असेल तरच भिंग साफ करण्याच्या द्रावणाने ओलसर केलेला कापूस वजन न देता फिरवावा. दुर्बीण घरात नेण्यापूर्वी तिला झाकण लावावे, नाहीतर उबदार खोलीतली वाफ थंड काचेवर धरते.

काय पाहावे

चंद्र पहिला. फाल्गुन-चैत्रातल्या शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि धुरक्याचा त्याच्यावर नाममात्र परिणाम होतो. अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर ॲपेनाइन पर्वतरांग पाहावी. नवमी-दशमीला कोपर्निकस विवराच्या पायऱ्यांसारख्या उतरत्या भिंती उजेडात येतात. चंद्र असताना मंद लक्ष्ये शोधू नयेत, कारण चंद्रप्रकाशाने धुरकेच उजळते.

जोडतारे हा तर धुरक्यासाठीच राखून ठेवलेला विषय म्हणावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्री आठच्या सुमारास देवयानी तारकासमूहातील अल्माक उंचावर असतो. त्यातील सोनेरी आणि निळसर तारे सुमारे दहा विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतरावर आहेत आणि लहान दुर्बिणीतूनही ते सुटे दिसतात. फेब्रुवारीत पुनर्वसूतील कॅस्टर घ्यावा. पाच-सहा विकलांच्या अंतरावरचे दोन पांढरे तारे वेगळे करण्यासाठी १०० पट वर्धन लागते. मार्च-एप्रिलमध्ये सिंह राशीतील अल्गीबा येतो, जो नागपूरच्या खमध्यापासून दीड अंशाच्या आतून जातो. हंस तारकासमूहातील अल्बिरिओ पावसाळ्याच्या अखेरीस सायंकाळी वर असतो आणि आकाश धुतलेले असताना त्याचे दोन रंग डोळे भरून पाहावेत. तारकागुच्छांमध्ये कृत्तिका आणि पुष्य बायनॉक्युलरने, तर तेजोमेघांपैकी मृगातला मोठा तेजोमेघ एवढाच धुरक्यात भरवशाचा. त्याच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवावी.

शहराबाहेर जाताना

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, आणि नागपूरकरांना ही जागा दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. मात्र अंधार आणि स्वच्छ हवा या वेगळ्या गोष्टी आहेत. मोहफुले वेचण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये झाडांखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि त्याच सुमारास शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, पेटवली जाते. अशा दिवसांत काळोख्या जंगलातही आकाश मळकट असू शकते. जायचेच असेल तर पावसाळा परतल्यानंतरचे, दिवाळीच्या फटाक्यांआधीचे दिवस किंवा अवकाळी पावसानंतरची पहिली निरभ्र रात्र निवडावी. वनक्षेत्रात रात्री परवानगीशिवाय थांबू नये. पश्चिमेला काटोल-कोंढाळीकडच्या संत्र्यांच्या बागाही उपयोगी आहेत, मात्र तिथून पूर्वेला नागपूरच्या उजेडाचा घुमट राहतो, त्यामुळे लक्ष्ये डोक्यावरची आणि पश्चिमेची ठेवावीत. दक्षिण आकाश पाहायचे असेल तर शहर पाठीशी राहील, म्हणजे आपण शहराच्या दक्षिणेला असू, अशी जागा घ्यावी.

नोंदी आणि एक दीर्घ उपक्रम

प्रत्येक बैठकीची तारीख, वेळ, नुसत्या डोळ्यांनी दिसलेला सर्वांत मंद तारा, सूर्यास्ताची खूण आणि पाहिलेली लक्ष्ये वहीत लिहावीत. एका हिवाळ्याच्या नोंदी हाताशी असल्या की आपल्या गच्चीवरून काय शक्य आहे हे दुसऱ्या कोणालाही विचारावे लागत नाही.

धुरक्यातही शास्त्रशुद्ध करता येईल असा उपक्रम म्हणजे ययाती तारकासमूहातील मायावती, अर्थात अल्गोल. हा तारा एरवी २.१ प्रतीचा असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्यापुढे येतो आणि तो ३.४ पर्यंत उतरतो. ग्रहण सुरू होऊन संपेपर्यंत सुमारे दहा तास लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी तो सायंकाळी नागपूरहून ७० अंशांच्या आसपास चढतो, म्हणजे धुरक्याच्या सर्वांत पातळ भागात. निरीक्षणाची रीत सोपी आहे: दर अर्ध्या तासाने त्याची तुलना अल्माकशी, प्रत २.१, आणि ययातीमधील एप्सिलॉनशी, प्रत २.९, करावी आणि तो कोणाच्या किती जवळ आहे ते लिहावे. तुलनेचे तारे साधारण त्याच उंचीवर असल्याने धुरके तिघांनाही जवळजवळ सारखेच मंद करते आणि त्यांच्यातला फरक कायम राहतो. एकदा किमान तेजाची वेळ मिळाली की तिसऱ्या रात्री ती सव्वातीन तासांच्या आसपास अलीकडे येते; त्यानुसार पुढची रात्र आखावी आणि त्या दिवशी दुपारीच सूर्याभोवतीची निळाई पाहून ठेवावी.